गूढलिंग व्याधी : अधिवृक्क-न्यूनतेची अनपेक्षित रूपे

दौर्बल्य, अरुची, वजनातील घट, मळमळ आणि उठून उभे राहिल्यावर येणारी भोवळ या तक्रारी ऐकल्याशिवाय वैद्याचा दिवस सहसा मावळत नाही. पांडू, ग्रहणी, अम्लपित्त, राजयक्ष्मा, सूतिकावस्थेतील क्षीणता अथवा मनाचा विषाद यांपैकी एखादे निदान करून आपण चिकित्सा सुरू करतो आणि बहुतेक वेळा ते निदान योग्यही असते. परंतु याच सामान्य तक्रारींच्या आड क्वचित अशी एक अवस्था दडलेली असते की, ती ओळखली गेली तर रुग्ण अल्प औषधावर जवळजवळ पूर्ण आयुष्य जगतो आणि ओळखली गेली नाही तर एखाद्या साध्या ज्वराच्या किंवा जुलाबाच्या निमित्ताने काही तासांत दगावू शकतो. अधिवृक्क ग्रंथींची कार्यन्यूनता ही ती अवस्था होय.

संहितांमध्ये या व्याधीचा स्वतंत्र नावाने उल्लेख नाही. त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. प्रत्येक विकाराला निश्चित नाव असतेच असे नाही आणि नाव ठाऊक नसल्याबद्दल वैद्याने लाजू नये, असा आशय चरकाचार्यांनी सूत्रस्थानातील त्रिशोथीय अध्यायात मांडला आहे. विमानस्थानात त्यांनी गूढलिंग व्याधीची, म्हणजे ज्याची लक्षणे झाकलेली आहेत अशा व्याधीची, परीक्षा उपशय व अनुपशय यांच्या आधारे करावी असे सांगितले आहे. अधिवृक्क-न्यूनतेच्या बाबतीत हे मार्गदर्शन फार उपयोगी पडते, कारण या रुग्णास कशाने बरे वाटते आणि कशाने प्रमाणाबाहेर त्रास होतो हे विचारले की निदानाची वाट पुष्कळदा मोकळी होते. प्रस्तुत लेखाचा दुसरा हेतू अधिक निकडीचा आहे. लंघन, शोधन, अलवण पथ्य आणि पूर्वीची औषधे थांबवणे हे आपले नित्याचे उपक्रम या एका अवस्थेत प्राणघातक ठरू शकतात. म्हणून हे उपक्रम सुरू करण्यापूर्वीच ती ओळखता आली पाहिजे.

ग्रंथींचे कार्य

प्रत्येक वृक्काच्या शिरोभागी टोपीसारखी बसलेली ही ग्रंथी साधारणतः ४ ते ५ ग्रॅम वजनाची असते. तिच्या बाह्यकातून मुख्यतः तीन प्रकारची संप्रेरके स्रवतात. कॉर्टिसॉल हे रक्तातील शर्करा व रक्तदाब टिकवते आणि ज्वर, आघात, शस्त्रकर्म अशा प्रसंगी शरीराला तग धरण्याचे सामर्थ्य देते. अल्डोस्टेरॉन हे सोडियम राखून पोटॅशियम बाहेर टाकते. तिसऱ्या प्रकारची पुरुषसंप्रेरकसदृश द्रव्ये स्त्रियांमध्ये काख व जघनभागावरील केसांसाठी महत्त्वाची असतात. कॉर्टिसॉलचे प्रमाण पहाटे-सकाळी सर्वाधिक व मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असते. त्याच्या स्रवणाची आज्ञा पिट्यूटरी ग्रंथीकडून एसीटीएच या संप्रेरकाद्वारे येते आणि पिट्यूटरीवर हायपोथॅलॅमसचे नियंत्रण असते.

या साखळीत बिघाड कोठे आहे त्यानुसार व्याधीचे रूप बदलते. ग्रंथीच नष्ट झाली तर कॉर्टिसॉल व अल्डोस्टेरॉन दोन्ही घटतात, एसीटीएच वाढते आणि त्याच्यामुळे त्वचेला काळवंडलेपण येते. पिट्यूटरी किंवा तिच्या वरील पातळीवर दोष असेल तर एसीटीएच कमी राहते, वर्ण काळवंडत नाही, उलट रुग्ण फिकट दिसतो. अल्डोस्टेरॉन मात्र शाबूत असल्याने पोटॅशियम वाढत नाही. दीर्घकाळ स्टेरॉइड घेतल्याने येणारी न्यूनता या दुसऱ्या गटात मोडते आणि व्यवहारात हाच प्रकार सर्वाधिक आढळतो.

लंडनमधील गाय्ज रुग्णालयाचे डॉ. थॉमस अ‍ॅडिसन यांनी १८५५ साली या ग्रंथींच्या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांच्या रुग्णांपैकी अनेकांच्या ग्रंथी क्षयाने ग्रासलेल्या होत्या. पाश्चात्त्य देशांत आज स्वप्रतिकारजन्य नाश हे प्रमुख कारण मानले जाते. आपल्याकडे त्याच्या जोडीला क्षय आणि हिस्टोप्लाझ्मा या बुरशीचा संसर्ग यांचा विचार अद्याप प्राधान्याने करावा लागतो.

ओळख का चुकते?

क्षीणता, कृशता, न्यून रक्तदाब, काळवंडलेली त्वचा आणि मिठाची तीव्र इच्छा हे पाठ्यपुस्तकातील चित्र होय. पण बाह्यकाचा सुमारे ९० टक्के भाग नष्ट होईपर्यंत लक्षणे ठळक होत नाहीत. तोवर रुग्ण विश्रांतीत ठीक असतो आणि शरीरावर ताण आला की कोसळतो. शिवाय आपल्याकडील सावळ्या वर्णात नवे काळवंडणे सहज नजरेत भरत नाही. पुष्कळ निरोगी व्यक्तींच्या हिरड्याही जन्मतःच काळसर असतात. म्हणून ‘वर्ण काळा आहे का?’ यापेक्षा ‘वर्ण अलीकडे बदलला आहे का?’ हा प्रश्न विचारावा. तळहाताच्या रेषा, बोटांचे सांधे, कोपर, गालाची आतील बाजू आणि अलीकडे भरलेल्या जखमांचे व्रण पाहावेत. जुना फोटो पाहता आला तर उत्तम.

अनपेक्षित रूपे

१) उदराचे रूप : वारंवार उलट्या, पोटदुखी, कधी मलावरोध तर कधी अतिसार. ग्रहणी वा आमदोष समजून दीपन-पाचन दिले जाते, उपशय मिळत नाही. तीव्र अवस्थेत पोट इतके दुखते की शस्त्रकर्माची शंका यावी. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्या किंवा रक्त गोठण्याचा विकार असलेल्या रुग्णास अचानक कुशी-पाठीत वेदना, ज्वर व न्यून रक्तदाब झाल्यास दोन्ही अधिवृक्क ग्रंथींमध्ये रक्तस्राव झाला असण्याची शक्यता लक्षात घ्यावी.

२) मनाचे रूप : उदासीनता, कशातही रस नसणे, चिडचिड, क्वचित भ्रम अथवा उन्मादसदृश अवस्था. मनोविकाराची चिकित्सा चालू असताना वजन घटत असेल आणि रक्तदाब कमी राहत असेल तर शरीराकडे पुन्हा वळावे.

३) मधुमेहाचे रूप : इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णाची मात्रा अकारण कमी होऊ लागते आणि वारंवार शर्करा उतरते. मधुमेह ‘बरा होत आहे’ असे समजून रुग्ण व वैद्य दोघेही आनंदतात, पण त्यामागे कॉर्टिसॉलचा अभाव असू शकतो.

४) वार्धक्याचे रूप : वृद्ध व्यक्ती गोंधळते, पडते, तपासणीत सोडियम कमी येते आणि ‘वयोमानाप्रमाणे’ म्हणून ते सोडून दिले जाते. कॉर्टिसॉलच्या अभावाने टीएसएच किंचित वाढू शकते, त्यामुळे थायरॉइडचे निदान होऊन थायरॉक्सिन सुरू होते. थायरॉक्सिनमुळे उरलेसुरले कॉर्टिसॉल अधिक वेगाने खर्च होते आणि रुग्ण बिघडतो. थायरॉइडची गोळी सुरू केल्यावर प्रकृती ढासळली, असा इतिहास हा महत्त्वाचा अनुपशय समजावा.

५) सांधे व स्नायूंचे रूप : पेटके, अंगदुखी, क्वचित गुडघे व कटिसंधी वाकलेल्या स्थितीत आखडणे. पोटॅशियम फार वाढले तर पायांतून वर चढत जाणारी शक्तिहीनता येते. वातव्याधी म्हणून स्नेहन-स्वेदन चालू राहते आणि मूळ कारण बाजूला पडते.

६) प्रसूतीनंतरचे रूप : प्रसूतीच्या वेळी अतिरक्तस्राव झाल्यास पिट्यूटरी ग्रंथीचा नाश होऊ शकतो. १९३७ साली हॅरोल्ड शीहान यांनी याचे वर्णन केले. अशा स्त्रीला प्रसूतीनंतर दूध येत नाही, रजःप्रवृत्ती पुन्हा सुरू होत नाही, काखेतील केस विरळ होतात आणि ती वर्षानुवर्षे ‘अशक्त’ म्हणून घरात वावरते. निदान कधी दहा-वीस वर्षांनी, एखाद्या ज्वरात ती बेशुद्ध झाल्यावर होते. शेवटच्या बाळंतपणात रक्त किती गेले व अंगावर दूध आले होते का, हे दोन प्रश्न प्रत्येक क्षीण स्त्रीस विचारावेत.

७) सर्पदंशानंतरचे रूप : घोणसीच्या विषाने पिट्यूटरीत रक्तस्राव अथवा रक्ताभाव होऊन हीच अवस्था उद्भवू शकते. भारत, श्रीलंका व म्यानमार येथून असे रुग्ण नोंदले गेले आहेत. दंशानंतर वाचलेला रुग्ण काही महिन्यांनी वा वर्षांनी थकवा, नपुंसकत्व वा रजोरोध घेऊन येतो. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात घोणस सर्वत्र आढळत असल्याने येथील वैद्यांनी हे ध्यानात ठेवावे.

८) श्वित्राबरोबरचे रूप : श्वित्राच्या रुग्णात उरलेली त्वचा काळवंडू लागली तर तो केवळ रंगांतील विरोधाभास मानू नये. दोन्ही विकार स्वप्रतिकारजन्य असून एकत्र आढळू शकतात.

९) क्षयचिकित्सेतील रूप : रिफॅम्पिसिनमुळे यकृतात कॉर्टिसॉलचे विघटन वाढते. क्षयाने आधीच ग्रंथी दुर्बल झालेल्या रुग्णास औषधे सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत उलट्या व भोवळ वाढली तर ‘औषधे उष्ण पडली’ असे म्हणून ती बंद करण्याचा सल्ला देऊ नये. त्या रुग्णास तपासणीसाठी पाठवावे.

स्टेरॉइडचा लपलेला इतिहास

१९४८ साली संधिवाताच्या रुग्णावर कॉर्टिझोनचा प्रथम प्रयोग झाला आणि १९५० साली हेंच, केंडॉल व राइखश्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. बाहेरून मिळणाऱ्या स्टेरॉइडमुळे शरीराची स्वतःची निर्मिती झोपी जाते, हेही पुढील काही वर्षांत उघड झाले. तीन ते चार आठवड्यांपेक्षा कमी काळ घेतलेले स्टेरॉइड थांबवताना सहसा टप्प्याटप्प्याने कमी करण्याची गरज नसते, असे २०२४ च्या युरोपीय व अमेरिकी संयुक्त मार्गदर्शिकेत म्हटले आहे. त्याहून अधिक काळ घेतले असल्यास मात्र ग्रंथी जागी होण्यास महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो.

आपल्याकडे येणारा श्वास, आमवात, सोरायसिस वा त्वचाविकाराचा रुग्ण बहुधा आधी अनेक ठिकाणी फिरून आलेला असतो. त्याने स्टेरॉइड घेतले आहे हे त्यालाच ठाऊक नसते. वेष्टनावर नाव नसलेल्या पुड्या, ‘सांध्यांवरच्या रामबाण’ गोळ्या, गोरेपणाची मलमे, लहान मुलांच्या लंगोटाच्या जागी महिनोन्महिने लावलेली क्लोबेटॅसॉलची मलमे, सांध्यातील इंजेक्शने, अधिक मात्रेतील श्वसनमार्गाची औषधे या सर्वांतून स्टेरॉइड शरीरात जाते. वनौषधी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही उत्पादनांतही स्टेरॉइडची भेसळ आढळलेली आहे आणि आपल्या शास्त्राच्या नावाला लागलेला हा डाग आपणच उघडपणे मान्य केला पाहिजे.

अशा रुग्णाचे दर्शन फसवे असते. चेहरा गोल व भरलेला, पोट सुटलेले, हातपाय बारीक, त्वचा पातळ, ठिकठिकाणी काळे-निळे डाग. बाह्यतः तो पुष्ट वाटतो, पण ग्रंथी निद्रिस्त असते. ‘आयुर्वेदिक औषध सुरू करायचे तर आधीची सर्व औषधे आजपासून बंद’ हे वाक्य त्याच्या बाबतीत संकटाला निमंत्रण ठरते. तीन-चार दिवसांत ज्वर, अंगदुखी, उलट्या सुरू होतात आणि आपण त्याला दोषांचे निर्हरण होत असल्याची खूण समजून आश्वस्त राहतो.

आपले उपक्रम आणि धोके

अशी कल्पना करावी की, त्वचेचे काळवंडणे व कंडू यांसाठी एक कृश रुग्ण येतो. कुष्ठाची संप्राप्ती मांडून त्याला मीठ वर्ज्य करण्यास सांगितले जाते, नंतर स्नेहपान व विरेचन ठरते. अधिवृक्क-न्यूनता असेल तर त्याच्या मूत्रातून सोडियम आधीच वाहून जात असते. अलवण आहाराने पुरवठा थांबतो, विरेचनाने उरलेला साठा जातो आणि पाचव्या-सहाव्या वेगानंतर रुग्ण जमिनीवर कोसळतो. येथे दोष विरेचनाचा नाही. शोधनापूर्वी बलपरीक्षण करण्याचा जो नियम आपल्याच शास्त्राने घातला आहे, त्याच्या उपेक्षेचा तो परिणाम आहे. सिद्धिस्थानात वमनास अयोग्य असलेल्यांत अतिकृश व दुर्बल यांचा समावेश आहे, तो याच दूरदृष्टीने.

लंघनाचेही तसेच आहे. कॉर्टिसॉलविना उपवासात शर्करा टिकत नाही. अशक्त रुग्णास आपण सहजपणे सुचवतो ते नारळपाणी व यवक्षारासारखे क्षार पोटॅशियमबहुल असतात, त्यामुळे ग्रंथीच नष्ट झालेल्या, चिकित्सा न झालेल्या रुग्णास ते अपथ्य होत.

चिकित्सालयातील परीक्षण

निदानाची सुरुवात कोणत्याही यंत्राविना करता येते. पुढील प्रश्न दीर्घकालीन क्षीणतेच्या प्रत्येक रुग्णास विचारावेत.

गेल्या वर्षभरात कोणत्या गोळ्या, पुड्या, मलमे, फवारे वा इंजेक्शने घेतली? कोणती अलीकडे बंद केली? लोणचे, पापड, मीठ यांची इच्छा पूर्वीपेक्षा वाढली आहे का? उपवासाच्या दिवशी किंवा साध्या तापात इतरांपेक्षा फार अधिक त्रास होतो का? एखाद्या औषधाने अचानक आश्चर्यकारक हुशारी आली होती का? क्षय, सर्पदंश, डोक्याला मार, प्रसूतीतील रक्तस्राव यांचा इतिहास आहे का? लवणाने उपशय आणि लंघनाने अनुपशय मिळत असेल तर शंका बळावते.

त्यानंतर रुग्णास पाच मिनिटे झोपवून रक्तदाब मोजावा आणि उभे केल्यावर एक व तीन मिनिटांनी पुन्हा मोजावा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर नोंद करावी. शोधनापूर्वीच्या परीक्षणात या मोजणीचा नियमाने समावेश व्हावा, असे सुचवावेसे वाटते.

रक्ततपासणीत सोडियम कमी, पोटॅशियम जास्त, शर्करा कमी आढळू शकते, पण पोटॅशियम सर्वच रुग्णांत वाढलेले नसते. गंभीर आजारी माणसाच्या रक्तातील इओसिनोफिल पेशी सहसा घटतात, त्या वाढलेल्या दिसल्या तर केवळ कृमी वा अ‍ॅलर्जी म्हणून थांबू नये. सकाळी आठच्या सुमारास घेतलेल्या रक्तात कॉर्टिसॉल दर डेसिलिटरला ३ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असेल तर न्यूनता जवळजवळ निश्चित मानतात, १५ पेक्षा अधिक असेल तर ती सहसा नसते. मधल्या आकड्यांसाठी एसीटीएचचे इंजेक्शन देऊन करावयाची उद्दीपन चाचणी लागते. दुपारी वा संध्याकाळी घेतलेल्या नमुन्यावरून निष्कर्ष काढू नये. गर्भनिरोधक गोळ्यांतील इस्ट्रोजेनमुळे कॉर्टिसॉलचा आकडा खोटाच वाढलेला दिसतो आणि चालू स्टेरॉइडमुळेही मापन बिघडते, हे ध्यानात ठेवावे.

येथे एक सावधगिरीही सांगणे आवश्यक आहे. हा व्याधी विरळ आहे. युरोपात ग्रंथीनाशजन्य प्रकार दर दहा लाखांत सुमारे १०० ते १४० जणांत आढळतो. प्रत्येक थकलेल्या माणसाच्या ग्रंथी ‘थकल्या’ आहेत असे सांगणारी जी लोकप्रिय कल्पना अलीकडे पसरली आहे, तिला शास्त्राधार नाही. शंका घ्यावी ती लक्षणसमूहावरून आणि सिद्ध करावी ती चाचणीने.

संकटसमयी

अतिन्यून रक्तदाब, न थांबणाऱ्या उलट्या, गोंधळ वा ग्लानी असलेल्या संशयित रुग्णाच्या बाबतीत अहवालाची वाट पाहू नये. हायड्रोकॉर्टिझोन १०० मिलिग्रॅम शिरेतून वा स्नायूतून आणि पहिल्या तासात सुमारे एक लिटर सलाइन, शर्करा कमी असल्यास ग्लुकोज, ही रूढ तातडीची चिकित्सा होय. ती जेथे तत्काळ मिळेल अशा रुग्णालयात रुग्णास पाठवावे आणि सोबतच्या चिठ्ठीवर ‘अधिवृक्क-संकटाचा संशय, दीर्घकाळ स्टेरॉइडचा इतिहास’ अशी स्पष्ट नोंद करावी. आधी दूरध्वनी केल्यास अधिक बरे. अशी एक ओळ रुग्णाचा जीव वाचवू शकते.

निदानानंतर वैद्याची भूमिका

निदान झालेल्या रुग्णास हायड्रोकॉर्टिझोन, बहुधा दिवसाला १५ ते २५ मिलिग्रॅम विभागून, आणि ग्रंथीनाश असल्यास फ्लुड्रोकॉर्टिझोन घ्यावे लागते. शरीरात जे निर्माण होत नाही त्याची ही भरपाई आहे. त्यामुळे ‘स्टेरॉइडची सवय’ मोडण्याच्या हेतूने ते बंद करणे सर्वथा अनुचित होय.

ज्येष्ठमध त्याची जागा घेऊ शकेल का, असा प्रश्न आपल्यात वारंवार विचारला जातो. १९५१ साली नेदरलँड्समधील चिकित्सकांनी अ‍ॅडिसनच्या व्याधीत ज्येष्ठमधाच्या अर्काचा उपयोग नोंदवला होता. पुढे त्यामागील कार्यकारण स्पष्ट झाले. ज्येष्ठमधातील ग्लिसिरायझिन वृक्कात कॉर्टिसॉलचे निष्क्रिय रूपांतर रोखते, म्हणून असलेले कॉर्टिसॉल मीठ व पाणी राखण्याचे काम अधिक करते. जेथे कॉर्टिसॉलच नाही तेथे राखण्यासारखे काही उरत नाही. उलट उपचार घेणाऱ्या रुग्णात ज्येष्ठमधाच्या अधिक मात्रेने रक्तदाब वाढणे व पोटॅशियम घटणे संभवते. म्हणून ते देताना मात्रेचे भान आणि अंतःस्रावतज्ज्ञाशी संवाद आवश्यक आहे.

वैद्याला करण्यासारखे मात्र पुष्कळ उरते. ज्वरात मात्रा दुप्पट-तिप्पट करण्याचा आणि उलटी होत असल्यास इंजेक्शन घेण्याचा तज्ज्ञांनी दिलेला नियम रुग्णास व घरच्यांना पुन:पुन्हा समजावणे. व्याधीचे नाव लिहिलेले ओळखपत्र जवळ ठेवण्यास सांगणे. एकादशी, नवरात्र वा श्रावणातील उपवासांत औषधाची वेळ चुकू न देणे व अळणी उपवास टाळणे. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात घामावाटे जाणारे मीठ भरून काढण्यास सांगणे. शोधनाऐवजी बृंहण व शमन यांवर भर देणे. वर्षानुवर्षे कुटुंबाशी जोडलेला वैद्य हे काम ज्या आत्मीयतेने करू शकतो, ते मोठ्या रुग्णालयाच्या गर्दीत सहसा साधत नाही.

निदानाचे यश नेहमीच दुर्मीळ नाव उच्चारण्यात नसते. विरेचनाचा दिवस ठरवण्यापूर्वी रुग्णास उभे करून मोजलेला रक्तदाब, औषध बंद करण्यापूर्वी उघडून पाहिलेली पुडी आणि क्षीण मातेला विचारलेला जुन्या बाळंतपणाविषयीचा प्रश्न, एवढ्या तीन गोष्टी आपल्या नित्यक्रमात आल्या तरी या गूढलिंग व्याधीचे अनेक रुग्ण वेळेत तज्ज्ञांपर्यंत पोहोचतील. सर्व वैद्यबंधु-भगिनींनी त्या आपल्या रुग्णपत्रिकेत समाविष्ट कराव्यात, ही नम्र अपेक्षा.